प्रवेशाचा निबंध

कॉलेजनं यंदा प्रवेश परीक्षा रद्द केली आणि तिच्याऐवजी ‘मी सोसलेलं दुःख’ या विषयावर निबंध मागवला. माझे बाबा चाव्या बनवतात. त्यांनी मला आजवर कसलीच झळ लागू दिली नव्हती, त्यामुळे लिहिण्याजोगं दुःख काही सापडेना. क्लासचे सर म्हणाले, “अरे, घरातलं एखादं माणूस गेलंय असं लिही. वाचणारे विरघळतात.”

मी कागदावर बाबांना मारून टाकलं.

“मोठं कॉलेज आहे, बावरशील,” म्हणत मुलाखतीला बाबा दुकान बंद ठेवून सोबत आले. बाहेरच थांबतो म्हणाले, तर मुलाखत घेणाऱ्या बाईंनी आग्रहानं आत बोलावून त्यांना खुर्ची दिली. मग माझा निबंध हातात धरून त्या हळव्या आवाजात म्हणाल्या, “वडील गेल्यावर एवढ्या लहान वयात सावरलास, बाळ. सोपं नाही ते.”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

“आणि आपण याचे कोण?” बाईंनी बाबांना विचारलं.

 

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “मी चुलता याचा. भाऊ भाबडाच होता आमचा, बाई. पण या पोरावर फार जीव होता त्याचा.”