दंडातली सूट

"मुलं गाडीत आहेत, तुइयाशी चढाओढ करू नकोस," असं आईने फोनवर बजावलं होतं. इन्काने ते कानाआड केलं. थोरल्या बहिणीची, तुइयाची, नवी कोरी गाडी पुढे आणि आपली जुनी मागे, हे तिला सोसेना. तळ्याकाठच्या घराकडे जाताना पोलिसाने दोघींनाही अडवलं. वेग दोघींचा सारखाच होता.

फिनलंडमध्ये असा दंड मिळकत पाहून ठरतो. तुइयाचा आकडा ऐकून इन्काला आतून गुदगुल्या झाल्या.

"सांभाळायची मुलं किती?" पोलिसाने विचारलं.

"नाहीत," तुइया म्हणाली.

"दोन," इन्का म्हणाली. मुलांमागे सूट म्हणून पोलिसाने तिचा दंड आणखी थोडा उतरवला.

तो गेल्यावर इन्काला राहवलं नाही. "काय गं, बड्या पगाराच्या बाई, झोंबलं ना? एकदाचा न्याय झाला बघ!"

तुइया इन्काच्या गाडीत मागच्या सीटवर पेंगणाऱ्या पोरांकडे बघत होती.

"तुझाही दंड मीच भरते. इथून घरापर्यंत तुझ्या धाकटीला माझ्या गाडीत बसवतेस?"