शेडातलं मशीन

जानकूनं बेअरिंग रॉकेलात बुडवली, चिंधीनं पुसली आणि कडेवरचा नंबर वाचला. ६२०४. विहिरीवरच्या मोटारीत असते तीच. नारायणगावात कुठल्याही दुकानात मिळते. त्याच्या स्वतःच्या गॅरेजात तर खिळ्याला तीन टांगलेल्या होत्या. त्यानं बोटभर ग्रीस घेतलं आणि नंबरावर सावकाश फासलं.

"काय म्हणतंय मशीन?" बाळासाहेबांनी शेडाच्या दारातून विचारलं. कपड्यांना डाग लागेल म्हणून ते आत येत नव्हते.

"पात्याची बेअरिंग गेलीय. हितं न्हाई मिळायची. विलायती माल हाये, बाळासाहेब."

बाळासाहेबांचा चेहरा पडला, पण त्यांना पटलंही. विलायती मशीनला आपल्या विहिरीवरचा माल कसा चालेल? येडगाव धरणाच्या काठावर रिसॉर्ट काढलं तेव्हा दोन एकर हिरवळीसाठी त्यांनी हे बसून गवत कापायचं मशीन आणलं होतं, आणि येईल त्या पाहुण्याला त्यावर बसून दाखवलं होतं. कंपनीला फोन केला, तर तिकडचा माणूस म्हणाला, अख्खा भागच बदलावा लागेल, तीन आठवडे लागतील. आज सोमवार. रविवारी लेकीचं, समृद्धीचं लग्न, याच हिरवळीवर. गवत पोटरीला लागत होतं आणि मजूर झाडून सगळे कांदा काढायला.

"जानकू, कायतरी कर राव."

जानकूनं वर पाहिलं. पत्र्याच्या सांध्यात लोकरीचा पुंजका अजून अडकलेला होता. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या आईची, तुकाबाईची मेंढरं तुटक्या कुंपणातून हिरवळीवर शिरली, तेव्हा बाळासाहेबांनी सगळीच्या सगळी याच शेडात कोंडली होती. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. वर तापलेला पत्रा, आत पाण्याचा थेंब नाही. म्हातारी फाटकाशी पदर पसरून उभी, आणि बाळासाहेब सांगतायत, "म्हातारे, असलं गवत तुझ्या मेंढरांच्या बापजाद्यांनी पाहिलं नसंल." दार उघडलं तेव्हा दोन गाभण मेंढ्या उठल्याच नाहीत. तेव्हापासून जानकूनं डूख धरला होता.

"एक इलाज हाये," तो म्हणाला. "मेंढरं घाला. चार दिसांत कातरल्यागत करत्यात."

"मग सांग की तुझ्या आईला. उद्याच आण म्हणावं."

"मी कोण सांगनार? मेंढरं बसवायची तर रानाच्या धन्यानं सोता वाड्यावर जायचं असतं. पायलीभर बाजरी घ्यायची, नारळ घ्यायचा, आन म्हनायचं, आमच्या रानात या. रीत हाये ती. तुमच्या आज्यानं केली न्हाई का?"

आज्यानं केली होती. अडला हरी म्हणतात तो हाच. दुसऱ्या दिवशी भर उन्हात बाळासाहेब धरणाच्या गाळातून पांढरे बूट रुतवत, काखेत बाजरीची पिशवी धरून मेंढरांच्या वाड्यावर आले. जानकू मुद्दाम काम टाकून बघायला आला होता. खिशात नवी बेअरिंग होती. ती चाचपली की त्याच्या जिवाला गार वाटायचं.

तुकाबाई एका कोकराच्या पायातला काटा काढत बसली होती. काटा काही लवकर निघेना. बाळासाहेब जाळीबाहेर उभे. घाम कानामागून कॉलरीत उतरला. शेवटी ते म्हणाले, "तुकामावशी, आमच्या रानात या."

"येते की."

एवढंच. तिनं नारळही ठेवून घेतला. जानकूला आईचाच राग आला. इतक्या स्वस्तात सोडला? यंदाची पिल्लं तिनं वाड्यावरच ठेवली आणि फक्त जुनी मेंढरं हाकली. तेही का, ते त्याला कळेना.

चार दिवसांत हिरवळ न्हाव्यानं मशीन फिरवावं तशी झाली. लेंड्या झाडायला बाळासाहेबांनी चार बाया लावल्या. शनिवारी सकाळी मांडववाले आले, मुलाकडची मंडळी जागा बघायला आली. "विलायती मशीन आहे आपलं," बाळासाहेब व्याह्यांना सांगत होते. तेवढ्यात तुकाबाई मेंढरं परत न्यायला फाटकाशी पोचली, काठी आडवी धरली आणि एकेकीच्या पाठीला हात लावत मोठ्यानं मोजू लागली.

"एकेचाळीस. बेचाळीस." ती थांबली. "दोन कमी हायेत, बाळासाहेब."

व्याह्यांनी वळून पाहिलं. बाळासाहेब हसले. "अहो मावशी, मंगळवारी आल्या तेव्हा मी स्वतः मोजल्यात. बेचाळीसच होत्या."

"ह्या खेपंला व्हय." तिनं काठी उचलून पत्र्याच्या शेडाकडे केली. "गेल्या साली चव्वेचाळीस आत गेल्या व्हत्या. त्या शेडात बघा."

बाळासाहेबांचं हसू तोंडावरच वाळलं. "शेडात काय आहे?" व्याह्यांनी विचारलं. जानकूचा खिशातला हात बेअरिंगवरून सुटला. तिची आता काही गरज उरली नव्हती.

मांडवाचा टेम्पो फाटकाबाहेर हॉर्न वाजवत होता. तुकाबाईनं बरोब्बर वाटेत बसकण मारली, काठी मांडीवर आडवी घेतली आणि पदरानं तोंड पुसलं.

"सावकाश बघा, धनी. दिवस मावळंपत्तर थांबते मी. मला सवय हाये."