शर्वाणीचा गंधार

नऊ वर्षांच्या शर्वाणीने गंधार लावला आणि यंत्रावर लाल दिवा लागला.

"कंपनं कमी पडली. आता एकच संधी," तपासनीस सुई भरत म्हणाला. बेसूर ठरलेल्या मुलाच्या गळ्यात ती टोचली, की बोलणं राहायचं, गाणं मात्र जन्मभरासाठी जायचं.

शर्वाणीला गाणं शिकवणाऱ्या कुमुदबाई पुढे सरसावल्या. यंत्र पेटीवर जुळवलेलं होतं, आणि तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार पेटीच्या गंधाराहून किंचित खाली असतो. चाळीस वर्षं त्यांनी शिकवणीत पेटी येऊ दिली नव्हती.

"साहेब, पोरीचा गंधार खरा आहे. तारेला कान लावून बघा."

"माझ्या कानांना सहीचा अधिकार नाही, बाई."

कुमुदबाई शर्वाणीपाशी वाकल्या. "बाळा, जरासा चढा लाव. पेटीसारखा."

"पण तो खोटा ना? तुम्हीच म्हणता."

"आज खोटाच लाव गं, माझे आई!"

शर्वाणीने डोळे मिटून सूर वर ढकलला. क्षणभर हिरवा दिवा लुकलुकला. मग गळा आपसूक खऱ्या जागी उतरला आणि तिथेच स्थिरावला.

तपासनीसाने तिची हनुवटी अलगद वर केली. "कान फार पक्का केलात हो हिचा," तो म्हणाला. "आता हात घट्ट धरा."