कन्यादानाचा फोटो

मृण्मयीच्या लग्नाचा तो फोटो स्टुडिओतून आला, तेव्हा यशवंतकाकांना हसूच फुटलं होतं. तिचे वडील, म्हणजे काकांचे दादा, लग्नाआधीच वारले होते. कन्यादानाला उघड्या अंगाने पाटावर बसून ओंजळीतलं पाणी सोडलं होतं ते काकांनी. पण पोरीच्या हट्टापायी स्टुडिओवाल्याने काकांच्या धडावर दादांचा चेहरा बेमालूम बसवला होता. "असू दे," काका म्हणाले होते, "तेवढंच तिला समाधान."

फोटो दिवाणखान्यात लागला. पुढे बारशाला कोणीतरी म्हणालं, दादांनी कन्यादान किती हौसेनं केलं! मग पाणी सोडताना दादांचे हात थरथरत होते, हेही मृण्मयीच्या आईला आठवू लागलं. वहिनींचं मन कशाला मोडा, म्हणून काका गप्प राहिले.

आज चहा देताना मृण्मयी अगदी सहज बोलून गेली, "काका, माझ्या लग्नाला तुम्ही तेवढे हवे होतात हो."

"अगं, मग कन्यादान कोणी केलं?"

तिने नुसतं फोटोकडे पाहिलं.

काका तिरमिरीत उठले. "चेहरा सोड, हात बघ! मनगटावर भाजल्याचा डाग दिसतोय ना? लहानपणी तापलेल्या बंबाला हात लागला होता माझा." सदऱ्याची बाही वर सारून त्यांनी आपलं मनगट फोटोशेजारी धरलं.

मनगट नितळ होतं.

"तो ह्यांचा डाग, भावजी," वहिनी समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "बंबाला हात लागला होता ना ह्यांचा, लहानपणी. तुम्हीच तर सांगायचात."