अस्वलाची राखी

"या जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलीचा मी भाऊ आहे! माझ्या जिवात जीव असेपर्यंत कंपनी बागेत मर्यादेला धक्का लागणार नाही!"

शैलेंद्र दीक्षितने भोंग्यातून गर्जना केली. पाठोपाठ त्याच भोंग्यातून "ताजे परवल, कोवळे परवल" असं ऐकू आलं. भोंगा भाजीच्या गाडीवरून उचलून आणलेला होता आणि त्याची बटणं शैलेंद्रच्या मर्यादा दलात कोणालाच नीट कळत नव्हती.

त्याचा चेला पुत्तन याने भोंगा मांडीवर आपटला. परवल थांबले.

दल बागेतल्या चिंचेच्या झाडाकडे निघालं. हातात लाठ्या, पुत्तनच्या खांद्याला राख्यांची पिशवी. फेब्रुवारी महिन्यात अख्ख्या सीतापुरात राख्या फक्त या पिशवीत मिळत. श्रावणातला उरलेला माल. बहुतेकींवर अस्वलाचं चित्र. रीत ठरलेली होती. जोडपं पकडायचं, मुलीने मुलाला राखी बांधायची आणि पुत्तनने ते मोबाइलवर थेट प्रक्षेपित करायचं. नाही म्हणणाऱ्यासाठी लाठ्या होत्या. हो म्हणणाऱ्यालाही एखादी बसतच असे.

शैलेंद्र मात्र आज सावध होता. सकाळी कुणा बाईचा फोन आला होता. चिंचेखाली जोडपं बसणार आहे, या, असं सांगून ती म्हणाली होती, "आणि कॅमेरा विसरू नका."

"कॅमेरा आणा असं कोण सांगतं रे?"

"कुणी चाहती असेल, भैया."

"की शुक्लाचा डाव असेल? नगरपालिकेचं तिकीट त्यालाही हवंय. आपण लाठी उचलायची आणि झुडपातून पत्रकार निघायचा."

त्याने दोघांना झुडपं तपासायला पाठवलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. अवस्थीजी होते, होणारे सासरे. साखरपुडा शुक्रवारी होता आणि तिकिटाचा शब्द अवस्थीजींनी साखरपुड्यानंतरच टाकायचा, असं ठरलं होतं.

"इमरतीसाठी हलवाई ठरवलाय, बेटा. पण मुलगी नको म्हणते."

"इमरती नको?"

"सगळंच नको म्हणते. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. ती बोलते, मी ऐकत नाही. आमच्याकडे तशीच पद्धत आहे."

"उत्तम पद्धत आहे," शैलेंद्र मनापासून म्हणाला.

"वहिनींशी बोलणं झालं का एकदा तरी?" पुत्तनने डोळा मारला.

"लग्नाआधी? मग आपण झोडतो कुणाला, गाढवा?" त्याच्यापाशी तिचा फोटो होता, मागे काश्मीरचं तळं रंगवलेला, स्टुडिओत काढलेला. त्याला तेवढा पुरेसा होता.

झुडपांतून फक्त एक बकरी निघाली.

चिंचेखाली खरंच जोडपं बसलं होतं. मुलीने उन्हासाठी ओढणी तोंडाभोवती गुंडाळली होती. डोळे तेवढे उघडे. मुलाचा उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. दल दिसताच तो उभा राहिला आणि मुलीच्या पुढे आला.

"हा तोच," पुत्तन कुजबुजला. "गेल्या महिन्यात आपणच मोडला होता हात."

शैलेंद्रचा संशय दुप्पट झाला. एवढा मार खाऊन माणूस त्याच बागेत परत येतो?

"प्लास्टर बघ. आत कॅमेरा असेल."

पुत्तनने प्लास्टरवर लाठीने टकटक केली. मुलगा कळवळला. कॅमेरा नव्हता.

"दुसरा हात शाबूत आहे अजून," एकाने लाठी उचलली.

"थांबा," मुलगी म्हणाली. "राखी बांधायची ना? बांधते. त्याला हात लावू नका."

दल थोडं हिरमुसलं.

"आधी तोंड दाखव," शैलेंद्र म्हणाला.

"मोबाइल सुरू आहे, भैया. बहिणीचं तोंड चारचौघांत उघडायचं?"

तसलं भाषण तो स्वतःच दर रविवारी करत असे. त्याने पुत्तनला राखी काढायची खूण केली.

पुत्तनने अस्वलाची राखी काढली. मुलाने डावा हात पुढे केला.

"डाव्या हाताला राखी?" शैलेंद्र कडाडला. "काही धर्म आहे की नाही?"

"उजवा तुम्ही मोडलात, भैया," मुलगी म्हणाली. "आता तुम्हीच सांगा, कुणाला बांधू?"

पुत्तन मोबाइलवरचे संदेश मोठ्याने वाचू लागला. "भैया, लोक म्हणतायत, दीक्षित पंडितजी अडकले. शुक्लासुद्धा बघतोय. हसण्याची चित्रं टाकतोय."

शुक्लाचं नाव ऐकताच शैलेंद्रने छाती पुढे काढली. डाव उलटवायची हीच वेळ होती. बाही सरसावून त्याने उजवा हात पुढे केला.

"मला बांध! मघाशीच सांगितलं, प्रत्येक मुलीचा मी भाऊ आहे!"

"विचार करा हं," मुलगी म्हणाली. "एकदा बांधली की झालं."

"दीक्षितांच्या हाताला बांधलेली राखी सुटत नाही."

तिने ओढणी डोक्यावरून नीट घेतली. गाठ मारली, वर दुसरी मारली, ओढून पाहिली आणि तिसरी मारली. पिशवीतल्या डबीतलं कुंकू त्याच्या कपाळाला लावलं. दलाने जयघोष केला. भोंग्याला राहवलं नाही, तोही परवल विकू लागला.

शैलेंद्रने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आजपासून तू माझी सख्खी बहीण. या पोरालाही कुणी हात लावायचा नाही. आणि काही अडचण आली तर सरळ भावाला सांगायचं."

त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला, थांबला, पुन्हा वाजायला लागला.

"एकच छोटी अडचण आहे, भैया," मुलगी मानेमागची ओढणीची गाठ सोडत म्हणाली. "शुक्रवारी येऊ नको म्हणून त्या इमरतीवाल्याला तुम्हीच सांगाल का? पप्पा माझं ऐकत नाहीत."