स्वच्छ चित्र

"मुंग्या, मुंग्या! आठवडाभर मालकाला दुसरं काही सुचतच नव्हतं," कॅमेऱ्यांच्या कारखान्यातले जुने कारागीर तन्वीरभाई नौशीनच्या कानाशी पुटपुटले. "मारल्या बाबा एकदाच्या. बघ जा."

नौशीननं स्क्रीनवर बघितलं आणि तिला कळायचं ते कळलं. अंधारात कॅमेऱ्याचं चित्र इतकं स्वच्छ कधी येत नाही. बाहेरून किती उजेड आला की स्क्रीनवर किती दाखवायचा, हे ठरवणारा गॅमाचा तक्ता कॅमेऱ्याच्या चिपमध्ये तिनंच भरला होता. अंधाराकडचे आकडे मुद्दाम वर उचलले होते. त्यानं चित्रात मुंग्यांसारखे बारीक ठिपके वळवळायचे, खरं. पण त्या मुंग्यांत माणूस ओळखू यायचा. आता अंधाराकडच्या सगळ्या खान्यांत शून्य. डांबर फासावं तसा सपाट काळोख.

"कुणी भरलं हे?"

"हात माझे होते," तन्वीरभाई म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

तेवढ्यात मालक, राजेंद्रसर, पाहुणीला घेऊन आलेच. विशाखा मॅडम, पुंडलिकनगरातल्या मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर. गेल्या महिन्यात मागच्या बोळातून कुणीतरी भिंत चढून थेट मुलींच्या मजल्यावर आलं होतं. बोळात दिवा नाही. म्हणून कॅमेरे.

"बघा मॅडम, दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यात नुसत्या मुंग्या. आपलं कसं, धुऊन वाळत घातल्यासारखं!" राजेंद्रसर स्क्रीनवरून रुमाल फिरवत होते. उकिरड्यावर रांगोळी काढून पाहुण्यांना पाट मांडावा, तसलं हे.

"स्वच्छ आहे खरं," मॅडम म्हणाल्या. "पण रात्री दिसेल ना?"

"ही रात्रच धरा की! ती समोर आमची टेस्टची खोली. आत फक्त झिरोचा दिवा आणि हा कॅमेरा. खुर्ची बघा, कशी उठून दिसतीय."

खुर्ची दिव्याखालीच ठेवलेली होती. तन्वीरभाईंनी चष्मा पुन्हा पुसला.

नौशीन बोलली असती, तर उद्या तिला गेटवरूनच परत पाठवलं असतं. ती उठली, ओढणी सावरली, काळा कापडी पडदा सारून टेस्टच्या खोलीत शिरली आणि कॅमेऱ्याच्या अगदी समोरच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

तिथून तिला स्क्रीन दिसत नव्हता. नुसते आवाज येत होते.

"त्या आत्ता आत गेल्या ना? मग दिसत का नाहीत?"

"असतील हो कुठं कडेला. तुम्ही खुर्ची बघा ना, मॅडम. वेताची वीण मोजता येईल!"

नौशीननं एक हात वर केला. मग दुसरा. जत्रेत चुकलेल्या पोरीसारखी ती दोन्ही हात हलवत राहिली, आणि स्वतःचीच तिला जराशी लाज वाटली.

बाहेर कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"ट्रस्टी विचारतील, चित्र कसं आहे," मॅडम हळूच म्हणाल्या. "स्वच्छ आहे, म्हणून सांगते. मलाही हे एकदाचं मिटवायचंय."

"बस्स! हेच तर!" राजेंद्रसर हसले.

नौशीनचे हात तसेच वर राहिले. ही बाईसुद्धा!

मग टेबलावर चष्मा ठेवल्याचा आवाज झाला.

"मॅडम," तन्वीरभाईंचा आवाज आला, "मुंग्यांबरोबर आम्ही माणूस पुसलाय. आमची पोरगी आत कॅमेऱ्यासमोर उभी आहे. ती दिसत नाय, तर भिंतीवरून येणारा पण दिसणार नाय."