नात्यातली

चौदा नंबरचा निबंध बाईंनी पहिल्याच ओळीवर थांबवला.

"शीर्षक बघा, 'मावशी'. आणि पहिलं वाक्य, 'मावशी माझ्या आधी उठते आणि माझ्यानंतर झोपते.' झालं! नात्यातल्या माणसावर लिहायचं नाही, हे सूचनेत तीनदा सांगितलं होतं."

इतिहासाच्या सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "पुढे वाचून तरी बघा. अक्षर छान आहे."

"अक्षराला प्रवेश द्यायचा का? अजून एकोणचाळीस निबंध उरलेत, सर. जागा वीस."

"तुमच्या नियमापुढे तत्त्वज्ञानसुद्धा हात टेकेल," सर हसले.

बाईंनी कोपऱ्यात लाल फुली मारली.

अकरावीच्या निवडक मुलांसाठी शाळेने हा वर्ग काढला होता. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान आणि चित्रकला एकाच खोलीत, एकमेकांत मिसळून शिकवायची. म्हणून सगळे त्याला चौफेर वर्ग म्हणत. फळा एकच. चौघे शिक्षक आपापल्या कोपऱ्यात लिहीत आणि मधोमध त्या दिवसाचा एक प्रश्न असे. प्रवेशाला निबंधही एकच: ज्याच्याकडे आजवर कुणी नीट पाहिलं नाही, अशा माणसाशी बोला आणि त्याच्याबद्दल लिहा. फक्त ते माणूस नात्याबाहेरचं हवं. ही अट बाईंचीच. आपल्या माणसाबद्दल मुलं गोड गोड लिहितात, असं त्यांचं म्हणणं.

बाई अन्यायी नव्हत्या. फुली मारलेल्या प्रत्येक मुलाला बोलावून त्या कारण सांगत. चौदा नंबरची मुलगी आली. सडपातळ, यंदाच शाळेत आलेली, खाली बघून बोलणारी.

"ही मावशी नात्यातली ना तुझी?"

तेवढ्यात चहा आला. कप टेबलावर ठेवले जात असताना मुलीने मान वळवून तिकडे पाहिलं.

"इकडे बघ. नात्यातली आहे की नाही?"

"आहे," ती हळूच म्हणाली. "पण सगळे मावशीच म्हणतात, म्हणून मला वाटलं..."

"सगळे काहीही म्हणोत, बाळ. नियम तो नियम."

मुलगी निघून गेली. चहा बशीत सांडला होता. बाईंनी तो तसाच प्यायला.

यादी लागली. त्यात चौदा नंबर नव्हता.

आठेक दिवसांनी शाळा सुटल्यावर बाई विसरलेला चष्मा घ्यायला वर्गात परतल्या आणि दारातच थबकल्या. शाळेची झाडलोट आणि चहापाणी बघणाऱ्या मावशी ओलं फडकं हातात घेऊन फळ्यासमोर उभ्या होत्या. पुसत नव्हत्या. ओठ हलत होते. फळ्याच्या मधोमध प्रश्न होता: रोज दिसणाऱ्या माणसाला आपण ओळखतो का?

मावशींनी आधी चारही कोपरे पुसले, प्रश्न सगळ्यात शेवटी.

"मावशी, तुम्हाला वाचता येतं?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

मावशी दचकल्या. "पुसायच्या आधी वाचून घेते, बाई. चार वर्षं झाली. सरांचं कळतं. तुमच्या कोपऱ्यातलं जरा जड जातं."

बाई कसनुसं हसल्या. मग 'मावशी' हा शब्द मनात कुठेतरी अडकला आणि त्यांचं हसू मावळलं. त्यांनी कपाट उघडून चौदा नंबरचा निबंध काढला आणि उभ्याउभ्याच चारही पानं वाचली.

'मावशीला चार वर्षांतले मधले प्रश्न पाठ आहेत. उत्तर मात्र तिला कुणी विचारलेलं नाही. त्या इमारतीत तिचं नावही कुणी विचारलेलं नाही.'

बाईंनी आठवून पाहिलं. चार वर्षं त्या याच हातचा चहा पीत होत्या. नाव काही आठवेना. माहीत असतं तर आठवलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्या सरांजवळ गेल्या. "सर, माझं चुकलं. ती नात्यातली नव्हतीच. आपल्या मावशी होत्या."

"मग पोर 'आहे' का म्हणाली?"

"माझा आवाज ऐकून घाबरली असेल. दुसरं काय!"

सरांनी प्रवेशाची यादी पुढे ओढली. "एकविसावी खुर्ची टाकू. खोलीत मावेल."

पण बाईंच्या टेबलावर कारकुनाने एक कागद ठेवला होता. त्याच मुलीचा, शाळा सोडल्याचा दाखला मागणारा अर्ज. "पोर ऐकतच नाही, बाई. इथे राहायचं नाही म्हणते. आईची सही तेवढी राहिलीय. तुमच्यासमोरच करायची असते, म्हणून साडेचारला यायला सांगितलंय."

दिवसभर बाई मनातल्या मनात वाक्यं जुळवत होत्या. समोरची खुर्ची त्यांनी स्वतः पुसली, पाण्याचा पेला भरून ठेवला. माफी मागायची आणि मुलीला राहू द्या म्हणून विनवायचं, एवढं ठरलं होतं.

साडेचारला मावशी आत आल्या. हातात ट्रे नव्हता. हात नुकतेच धुतलेले, ओले होते.

"बरं झालं आलात, मावशी. तुमचीही माफी मागायचीय मला." बाई उठून उभ्या राहिल्या. "पोरीने तुमच्यावर इतकं सुंदर लिहिलं आणि मी न वाचताच फुली मारली. नियम तिने मोडलाच नव्हता. तिच्या आईला मी हात जोडून हेच सांगणार आहे."

मावशींची नजर टेबलावरच्या अर्जाकडे गेली.

"तिची आई आलीय का हो बाहेर?"

"बाहेर कुणी नाही, बाई."

मावशींनी ओले हात कोरडे केले, बाईंसमोरची खुर्ची ओढून चार वर्षांत पहिल्यांदाच तिच्यावर बसल्या, अर्ज आपल्याकडे वळवून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि 'आईची सही' या शब्दांपुढे सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं.